रुखवतातली गोधडी

आमच्या घरात अर्धवट गोष्टींना तोटा नव्हता. आईचा स्वेटर एका बाहीवर थांबलेला, भावाचं बी.ए. एका विषयावर, वडिलांचं आत्मचरित्र जन्मावर. पण आत्याच्या गोधड्यांपुढे ही सगळी मंडळी कच्ची. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत, माळ्यावर, एका जुन्या चादरीत गाठ मारून त्या बसल्या होत्या. एकीचे नुसतेच चौकोन, दुसरीच्या जोडलेल्या पट्ट्या, तिसरीची फक्त किनार. स्वतःच्या रुखवतात मांडायला म्हणून तिने त्या हौसेने शिवायला घेतल्या होत्या. साखरपुडा झाला, मग लग्न मोडलं. गाठोडं माळ्यावर गेलं आणि आत्या स्वयंपाकघरात. पुढे दोघांचीही कोणी चौकशी केली नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. वडील कचेरीतून आले की कोट खुंटीला लागायच्या आत गॅलरीत त्यांचं भाषण सुरू. "मुंबई कोणाची? ज्यांनी घाम गाळून उभी केली त्यांची!" शेजारचे टाळ्या वाजवायचे. वडिलांनी स्वतः घाम गाळलेला मी फक्त जेवताना पाहिला होता, तोही रस्सा तिखट झाला तर. भाषण संपलं की आत हाक यायची, "चहा आणतेय ना गं कोणी?" हे 'कोणी' म्हणजे आत्या.

अशात माझं लग्न दादरच्या एका घरात ठरलं. होणाऱ्या सासूबाई फार साध्या. "आम्हाला काही नको हो," त्या म्हणाल्या, "नुसतं रुखवत बघू. मुलीच्या हाताला वळण आहे का, ते तिथेच कळतं." झालं! आईच्या तोंडचं पाणी पळालं. मी लावलेलं बटण माणूस जिना उतरेपर्यंत टिकत नसे, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं.

आता रुखवत म्हणजे काय, हे का मी सांगायला हवं? लाडू, चकल्या आणि मागे मुलीच्या हातच्या म्हणून मांडलेल्या वस्तू. आमच्या चाळीत मण्यांचा एक हंस होता. तो दर लग्नाला नव्या नवरीच्या हातचा असायचा. बिचाऱ्याची मान दोनदा चिकटवलेली. वरपक्षाच्या बायकाही "अगंबाई, किती नाजूक काम!" म्हणायच्या, कारण त्यांच्या मुलींच्या लग्नात तोच येऊन गेलेला असायचा. पण सासूबाई दादरच्या. त्या हंसाला फसतील याची खात्री नव्हती. तेव्हा आईला माळा आठवला.

"वन्सं, तेवढ्या गोधड्या पुऱ्या करून द्याल का? आणि हिलाही थोडं शिकवा. कोणी विचारलं तर दोन शब्द तरी बोलता यायला हवेत."

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "करीन. पण मांडायची माझ्या नावाने. आत्याने केली, असं सांगायचं. चार बायकांसमोर. कबूल?"

"हो हो, कबूल!" आई म्हणाली. वडील गॅलरीतून म्हणाले, "अगं, त्यात काय विचारायचं?" विचारायचं होतं म्हणूनच तिने विचारलं होतं. पण आमच्या घरात 'हो' म्हणणं ही बोलणं संपवायची पद्धत होती.

मग शहरात गोळीबार झाला आणि कर्फ्यू लागला. लालबाग-परळकडून रोज वाईट बातमी यायची. कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ. वडिलांची भाषणं त्या दिवसांत कुजबुजीत व्हायची, तीही दार लावून. बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून मी आत्याच्या तावडीत सापडले.

माझ्या हातातली कात्री तिने पहिल्याच दिवशी काढून घेतली. "कापायचं नाही. फाडायचं. कात्री तुझ्या मनासारखी जाते आणि तुझं मन वाकडं. फाडलं की कापड धाग्याबरोबर सरळ जातं." चौकोनाला चौकोन जोडून पट्टी, मग पट्टीला पट्टी. सांधे समोरासमोर भिडले पाहिजेत. शिवण गडद रंगाकडे दाबायची, नाहीतर फिक्या कापडातून ती दिसते. दाबायला गरम पाण्याचा तांब्या. माझे सांधे भिडत नव्हते. आत्या उसवायची आणि पुन्हा माझ्या मांडीवर टाकायची.

त्रिकोणांनी तर माझी पार फजिती केली. तिरपं फाडता येत नाही, म्हणून तिथे कात्री आत्याच्या हातात. चौकोन तिरपा दुमडून कापला की जी कड निघते ती उरेब. ओढाल तितकी ताणते. मी ओढली. माझा कोपरा मधोमध टम्म फुगला. "गोधडी शिवतेयस की पुऱ्या तळतेयस?" आत्या म्हणाली. पण तो कोपरा तिने उसवला नाही. का, ते मला विचारायचं राहून गेलं.

तिन्ही गोधड्यांची मापं वेगवेगळी. आत्याने सगळं जमिनीवर पसरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तिघींची मिळून एकच होईल. पण धड होईल." मधे पट्ट्या घालायला हिरवं कापड हवं होतं. तिने आपली ट्रंक उघडली, साखरपुड्याचं पातळ काढलं आणि दातांनी काठ तोडून टर्रकन फाडलं. मी ओरडले, "आत्या, अगं हे कशाला?"

"मग काय पूजू?"

गोधडी झाली. अशी झाली की शेजारणी दारात उभ्या राहून बघून गेल्या. आत्या त्या दिवशी गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकलं.

कर्फ्यू उठला, आणि लग्नाच्या दिवशी कार्यालयात रुखवत मांडलं. हंस होताच, आणि त्याच्या मागे भिंतीवर गोधडी. सासूबाई थेट तिथेच गेल्या. हात फिरवला, कोपरा उलटून मागची बाजू पाहिली, सांधे पाहिले. आत्या नवं लुगडं नेसून खांबाशी उभी होती, पदर नीट करत.

"सुरेख! कोणी केली?"

"आमच्या मुलीनेच हो," आई म्हणाली. "लहानपणापासून हाताला वळणच तसं." वडील शेजारी होते. घाम गाळणाऱ्यांचे कैवारी! खाली बघून उपरण्याची घडी घालत राहिले.

मी आत्याकडे पाहिलं. पदराशी चाललेला तिचा हात थांबला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुंडावळ्यांसकट मी पुढे झाले. "माझी नाही ती. आत्याने केलीय. माझा फक्त तो फुगलेला कोपरा."

आईने दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. सासूबाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बायकांत खसखस पिकली. आत्या खांबापासून निघाली, सरळ आली, गोधडी भिंतीवरून काढली आणि घडी घालू लागली.

"अहो, हे काय?" सासूबाई म्हणाल्या. "मुलीला देताय ना?"

"मांडायला दिली होती," आत्या म्हणाली. "द्यायला नव्हे."

वडील "अगं, अगं" करत दारापर्यंत मागे गेले. ती वळलीसुद्धा नाही. गोधडी काखेत मारून भर मांडवातून घरी गेली. माझी पाठवणी झाली तेव्हा आत्या नव्हती, आणि मी आईपेक्षा तिच्यासाठीच जास्त रडले.

ऐन मे महिन्यात मी पहिल्यांदा माहेरपणाला आले. दुपारची वेळ, वारा पडलेला, वडील उघड्या अंगाने पंखा हलवत बसलेले. आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी आडवी झाली होती, गळ्यापर्यंत गोधडी ओढून. कपाळावर घामाच्या धारा.

"आत्या, अगं उकडत नाही का?"

"उकडतंय की," ती म्हणाली. "उकडू दे."