शंभराव्या नंबरचा सिनेमा

ऐंशीच्या दशकातल्या शंभर लाडक्या सिनेमांची यादी मोबाइलवर आली आणि फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत वाद पेटला. सगळ्यात जास्त तापले दिनानाथकाका. वसईच्या एका थिएटरात त्यांनी तीस वर्षं प्रोजेक्टर चालवला होता, आणि त्यांचा आवडता कोळ्यांचा सिनेमा यादीत अगदी तळाला होता.

“कोण शहाणे मतं देतात ही?” ते कडाडले. “आमच्याकडे अकरा आठवडे चालला तो!”

“पण रडका आहे, काका,” मी म्हटलं. “शेवटी नाखवा बुडतो.”

काका जरा निवले आणि सांगू लागले. पहिल्याच दिवशी घाईत त्यांच्याकडून शेवटच्या दोन रिळांची अदलाबदल झाली होती म्हणे. त्यामुळे नाखवा आधी बुडाला आणि मग हसत होडीतून घरी आला. थिएटरचे मालक शिव्या घालत वर प्रोजेक्टरच्या खोलीत आले, पण खाली पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्यातल्या दोघींचे नवरे त्या वर्षी समुद्रातून परतले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या दोघी पुन्हा आल्या. काकांनी रिळं तशीच लावली, शेवटच्या खेळापर्यंत.

“तुमच्या यादीत बुडू दे त्याला,” काका म्हणाले. “वसईत तो दिवसातून तीनदा घरी यायचा.”