कानाडोळा

माझ्या नवऱ्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मी टोकरखाड्याच्या चाळीत येईल-जाईल त्याला सांगायची. एक हाक, दोन हाका, तिसरीला माझा पारा चढलेला असे. समोर जाऊन उभी राहिले की मात्र हे शहाण्यासारखं उत्तर देत. म्हणजे ऐकू येत होतं, फक्त ऐकायचं नव्हतं! बायकोकडे असा कानाडोळा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे सिल्वासातल्या एका कापडाच्या कारखान्यात मागावर होते. धुळे-जळगावकडची बरीच माणसं तेव्हा तिथे पोटासाठी आली होती, त्यातलेच आम्ही. मागांचा खडखडाट एवढा, की कानाशी तोंड नेलं तरी शब्द कळू नये. कारागीर एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. सेठ आला, चहाला चल, डब्यात काय आणलंस, सगळं नुसत्या ओठांवर. हे कौतुकानं सांगत, आणि मी म्हणे, "तिथे बिनआवाजाचं कळतं, आणि घरी घसा फाटेस्तोवर ओरडलं तरी कळत नाही होय?" त्यावर नुसते हसायचे.

एका संध्याकाळी स्टोव्ह भडकला. माझ्या पदरानं पेट घेतला. मी किंचाळले, मुलगी किंचाळली. हे दारातल्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले होते, हात लांब केला तर लागतील एवढ्यावर. शेजारची गुजराती मासी तिच्या खोलीतून धावत आली, तिनं माझ्या अंगावर गोणपाट टाकलं. आणि मग हे मान वळवून विचारतात, "काय जळतंय गं?"

माझा उजवा हात भाजला होता. नंतर हे खूप रडले, मलम आणलं, स्वयंपाक केला, सगळं केलं. पण माझं मन उठलं ते उठलंच. बायको पेटली तरी ज्याला मान वळवावीशी वाटत नाही, त्याच्या घरात लेकीला घेऊन राहायचं कशाला? मी ठरवलं, दिवाळीत भाऊबिजेला भावाकडे जायचं आणि परत यायचं नाही.

माझं माहेर मध्य प्रदेशच्या हद्दीवरचं, म्हणून भावाला तिकडच्या जंगलखात्यात नोकरी लागली होती. एका लहानशा राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापाशी त्याचं क्वार्टर होतं. आम्ही तिघं वापीहून रेल्वेनं आणि पुढे दोन बस बदलून पोचलो. भाऊबिजेची ओवाळणी झाली, तसं मी त्याला मागच्या दारी नेऊन मनातलं सांगितलं. त्यानं माझा भाजलेला हात हातात घेऊन पाहिला.

"ताई, घर तुझंच आहे," तो म्हणाला. "पण दाजींना असं पाठीमागून नको. तोंडावर सांग."

दुसऱ्या दिवशी तो आम्हा दोघांना गुहा दाखवायला घेऊन गेला. मुलगी वहिनीजवळ राहिली. झाडीतून वर गेलं की करडे, पावसानं खाल्लेले खडक लागत, आणि त्यांच्यात एक भोक. लोखंडी शिडीनं उतरायचं, मग वाकून चालायचं. वटवाघळांचा उग्र वास. आत जागा मोठी झाली, तर छतापासून दगड लोंबत होते, गाईच्या सडांसारखे, आणि प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा थेंब.

"चुनखडी आहे, दाजी," भाऊ त्यांच्यासमोर बॅटरी धरून म्हणाला. "पाणी ठिबकतं, त्याचाच दगड होतो."

"बाप रे! कमाल आहे," हे म्हणाले. लहान मुलासारखे वर बघत होते. मला आणखीच वाईट वाटलं. चांगला माणूस, दारू नाही, हात उगारणं नाही, फक्त माझ्यावरून मन उडालेलं. त्याला काय करणार?

"आता बॅटरी बंद करतो. हलू नका. नुसतं पाणी ऐका," असं म्हणून भावानं बटण दाबलं.

तसला अंधार मी जन्मात पाहिला नव्हता. यांनी चाचपडत माझा हात पकडला, नेमका भाजलेला. टप, टप एवढाच आवाज. मला वाटलं, हीच वेळ. तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं, अंधारात तरी सांगून टाकावं.

"ऐकताय ना?" मी म्हणाले. "मी परत येत नाही सिल्वासाला. पोरगीही इथेच राहील. मी जळत होते आणि तुम्ही मागे वळलासुद्धा नाहीत. मला आता नाही होत." चांगलं खणखणीत बोलले. गुहेनंही ऐकलं असेल.

माझ्या हातावरची यांची पकड घट्ट झाली.

"अगं, आहेस ना तू?" हे म्हणाले. केवढ्यानं म्हणाले! "बोल की काहीतरी."

"आहे," मी म्हणाले.

"आहेस ना गं? बोल ना!" आवाज रडवेला झाला होता.

"आहे हो, इथेच आहे!" मी ओरडले, आणि तरी ते विचारतच राहिले. शेवटी मी दुसऱ्या हातानं त्यांचा हात दाबला, तेव्हा कुठे शांत झाले.

भावानं बॅटरी लावली. यांचे डोळे आधी माझ्या ओठांवर आले. जीव भांड्यात पडल्यासारखे हसले आणि म्हणाले, "तुझं तोंड एवढा वेळ बंद! आज पहिल्यांदाच बघितलं." भाऊ दुसरीकडे तोंड करून उभा होता.

मी कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही. मागावरच्या माणसानं बहिरा झालो म्हणायचं, तर मग खायचं काय?

निघायच्या दिवशी वहिनीनं माझ्यासाठी रिकामं केलेलं फडताळ तसंच होतं. भावानं आमची ट्रंक स्वतः बसच्या टपावर चढवली. "येते रे," मी म्हणाले.

बसमध्ये मी यांना खिडकीशी बसवलं, मुलीला मांडीवर घेतलं, आणि यांच्याकडे तोंड करून बोलत सुटले. घरचं, चाळीचं, काय वाट्टेल ते. हे माझ्या तोंडाकडे बघत हं, हं करत होते. जंगल संपलं, शेतं आली, बाहेर काळोख व्हायला लागला. बसमधला दिवा बिघडलेला होता. मी बोलायची थांबले आणि त्यांचा हात धरून बसले.