नानीबाईचं बीपी

नानीबाई गेली तवा सगळा तांडा डॉक्टरला शिव्या देऊन राहिला होता. मला एकानं बी दिली न्हाई. तीच तर तकलीफ हाये.

मी हुमेरा. आखाडा बाळापूरकडच्या एका उपकेंद्रात वीस वर्षं नर्स. नानीबाई तिथल्या बंजारा तांड्यावरची, वसरामची बायको. कापूस वेचायला लागली की दोन बायांचं काम एकटी उरकायची. मी औषधाची पेटी घेऊन रस्त्यानं दिसले की म्हणायची, “सिस्टर, पेटी लई जड झाली का गं? आण इकडं.” अन् खरंच डोक्यावर घ्यायची. माझ्या सख्ख्या नणंदेनं मला तेवढा जीव लावला न्हाई.

दोन हजार एक साली तिची पाळी थांबली. पन्नाशीच्या आतच होती. आधी खूश झाली बया, “सुटले!” म्हणली. मग अंगातून वाफा निघायला लागल्या. भर थंडीत पदर बाजूला टाकून ओट्यावर बसायची. छातीत धडधड व्हायची, डोकं मागून ठणकायचं. पुढं पुढं तं हापशावरून घागर आणताना दोनदा टेकायची. सासू म्हणे नखरे. वसराम म्हणे वय झालं. अन् मी, एवढी शिकलेली, मी काय म्हणले? “पाळी जायचं वय हाये, नानीबाई. होईल कमी.”

बीपी बघायला पाहिजे होतं. पण तांड्यातल्या बायांचा तो पांढरा चुडा, कोपरापासून खांद्यापर्यंत गच्च. नवरा जिता हाये तोवर उतरवायचा न्हाई. मशीनचा पट्टा बांधायला दंडावर जागाच न्हाई. “चार बांगड्या तरी काढ,” म्हणले मी. तिनं हात झटकन मागं घेतला. सासू आतून ओरडली, “माझ्या लेकाच्या जिवावर उठली का गं?” माझं बी डोकं फिरलं. मरा तिकडं, म्हणलं. पण रजिस्टरातला बीपीचा रकाना मोकळा राहिला की मोठ्या दवाखान्याचे साहेब चारचौघांत झापायचे. लिहून टाकलं, एकशेवीस-ऐंशी.

पुढच्या महिन्यात बी तेच लिहिलं. मग तं मी मशीन बाहेर काढणंच सोडलं. नुसती नाडी धरायची अन् लिहायचं. ती भोळी विचारायची, “बराबर हाये ना?”

“एकदम बराबर.”

“तू म्हणली म्हंजे झालं,” म्हणायची अन् चालली परत कापसात. अशी दोन वर्षं काढली मी.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर एक दिवस तिचा जबडा दुखायला लागला, पाठ भरून आली, उलट्या झाल्या, घामानं चोळी भिजली. घरचे म्हणले पित्त. दुपारी डोळे पांढरे केले तवा जीपमधी घालून हिंगोलीला नेलं. मी बी संगं होते. तिथल्या डॉक्टरनं कुणाला विचारलं न्हाई, कटर घेतला अन् चुडा कापला. वरचा आकडा दोनशे दहा. हार्ट अटॅक होता.

“पाळी थांबली की बाईच्या रक्तवाहिन्यांची राखण कमी होते, सिस्टर,” डॉक्टर मला म्हणाला. “त्या कडक होतात, दाब चढतो, हृदयावर जोर येतो. अन् बायांना छातीतच कळ येईल असं नसतं. दंड मोकळा नव्हता तर कोपराखाली पट्टा बांधून नाडीवर अंदाज घ्यायचा. एवढं शिकवतात ना तुम्हाला?”

शिकवलं होतं. परभणीच्या ट्रेनिंगला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तासाभरानं नानीबाई गेली.

पाचव्या दिवशी वसराम उपकेंद्रात आला. हातात रुमाल, त्यात चुड्याचे तुकडे. म्हणला, “सिस्टर, मी जिता असताना त्या डॉक्टरनं चुडा तोडला. लोकं म्हणून राहिले, त्यानंच गेली. तुमी तं दर महिन्याला तपासत होत्या. तिची तब्येत बराबर होती ना?”

रजिस्टर समोरच पडलेलं. चोवीस महिने, चोवीस वेळा एकशेवीस-ऐंशी, सगळं माझ्या हातचं.

“व्हय,” म्हणले मी. “बराबर होती.”

वसरामचे डोळे भरले. “तुमी लई केलं तिच्यासाठी,” म्हणला. मला हात जोडले, अन् डॉक्टरवर तक्रार द्यायला हिंगोलीच्या एसटीत जाऊन बसला.