खरे नावाचं फोल्डर

ठाण्यात खोपटच्या बाजूला, एका दंतवैद्याच्या जिन्याखाली सहदेवचा स्टुडिओ आहे. तीस वर्षं तो तिथे लोकांना देखणं करतो आहे आणि तीस वर्षं त्यांचा तिरस्कार करतो आहे. दोन्ही कामं एकाच भिंगातून.

भिंग जुनं, बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आणलेलं. त्याच्या गळ्यात, उजेड आत घेणारं तोंड लहानमोठं करणारं, एक कडं आहे. कडं पूर्ण उघडं ठेवलं की चेहरा धुक्यात जातो. मुरमांचे खड्डे भरून येतात, डोळ्यांखालची वर्तुळं विरघळतात, विरळ केसांना उजेड फुटतो. फिल्मचे रोल गेले, मेमरी कार्डं आली, कॅमेरे बदलले, भिंग तेच. गिऱ्हाईक त्याला मलई म्हणतं.

"काका, जरा मलई मारा हां."

आंबिवलीची लग्नाची मुलगी असो, नाहीतर नगरसेवक व्हायला निघालेला शीळफाट्याचा टाइल्सवाला असो, मागणी हीच. फोनमध्ये ही मलई फुकट मिळते. पण फोनमधल्या चेहऱ्यावर स्थळवाले हल्ली विश्वास ठेवत नाहीत. स्टुडिओतल्यावर ठेवतात. सहदेवला याचं हसू येई, आणि हसू संपलं की शिसारी.

कार्डं आल्यापासून त्याने एक सूड शोधून काढला होता. गिऱ्हाइकाचा फोटो झाला की तो म्हणे, "हलू नका, एक सेफ्टीसाठी." दिवा वाढवायचा, कडं चार खाचा फिरवायचं आणि दुसरा फोटो घ्यायचा. कडं मिटलं की तेच भिंग सुरीसारखं होतं. हा सेफ्टीचा फोटो त्याने पंधरा वर्षांत कुणालाही दिला नाही. तो जाई संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव: खरे.

एकदा बायकोने, मंदाकिनीने, धूळ पुसता पुसता विचारलं, "अहो, हे खरे कोण? एवढे फोटो काढलेत त्यांचे, एकदा जेवायला तरी बोलवा."

शटर ओढण्याआधी तो चहा घेत खरे उघडून बसे. पडद्यावर चेहऱ्यांच्या रांगा, एकेक टपालाच्या तिकिटाएवढा. हे तुम्ही, तो मनाशी म्हणे. मलईखालचे तुम्ही. एवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं. एकही चेहरा त्याने कधी मोठा करून पाहिला नाही. तुच्छ मानायला तेवढा आकार पुरत होता.

मग एक दिवस बाळकुमचा कमलेश आईला घेऊन आला. जिथे त्याच्या बापाची मिठागरं होती, तिथे आता तेवीस मजले उभे होते, आणि कमलेशच्या गळ्यात त्यातल्या एखाद्या मजल्याएवढं सोनं होतं. आई म्हणजे बायजा. ऐंशीच्या पुढची, काटक, मिठाच्या पाण्यात उभं राहून पावलांची कातडी कायमची पांढरी पडलेली. कपाळावर गोंदलेली तुळस, हनुवटीवर तीन ठिपके.

"नवीन घराच्या हॉलमध्ये लावायचाय, चार फुटी," कमलेश म्हणाला. "उद्या आई नसेल तेव्हा हार पण ह्यालाच. आणि काका, ते गोंदण-बिंदण नको दिसायला. मोठे मोठे लोक येतात. मलई फुल मारा."

"दिसणार नाही," सहदेव म्हणाला. आणखी एक, त्याने मनात मोजला. आईचं कपाळ पुसून घेणारा.

बायजाला वाटलं, ही पोराची नेहमीची बडबड. कडं उघडं, फोटो झाला. "आजी, हलू नका, एक सेफ्टीसाठी." कडं मिटलं, दुसरा झाला.

आठ दिवसांनी बायजा एकटीच रिक्षातून उतरली. रिक्षावाल्याने फ्रेम आत आणून ठेवली. तिने वरची चादर ओढून काढली.

"यो कोन?"

"तुम्हीच आजी."

"मी? माजं गोंदण कुठं हाय?" ती खुर्चीत बसली. "गेल्या साली डोल्यातला मोतीबिंदू काढून घेतला मी. तू तो परत घातलास रं? आन तो मना नाय, तुज्या काचेला."

सहदेव हसला नाही. कुणी त्याच्या भिंगाला एवढं अचूक नाव दिलं नव्हतं.

"बग," ती म्हणाली, "मेल्यावर आंगावरचं सोनं पोरं काढून घेतान. पातळ पन जलतं. गोंदण कोन काढनार? तेवरंच संगती येतं. आमची आये सांगायची, वर गेल्यावर त्याच्यावरनंच वलखतान. आन या काचेनी ते फोटोतच पुसलं. माजा म्हातारा वलखंल काय मना असा?"

तेव्हा सहदेवच्या छातीत पंधरा वर्षांचा गर्व वर आला. अखेर एक माणूस भेटलं होतं, जे दाखवण्याच्या लायकीचं होतं.

"आजी, तुमचा खराही काढलाय मी," तो म्हणाला आणि त्याने फोल्डर उघडलं. तिच्या तिकिटावर दोनदा टिचकी मारली. चेहरा पडदाभर झाला.

कान. बुगडीची वीण, कानाच्या पाळीचं लोंबलेलं भोक, त्यामागचे पांढरे केस, एकेक मोजून घ्यावा असा. कपाळावर मात्र तुळस नव्हती, हिरवट डाग होता. हनुवटीचे तीन ठिपके एकात एक मिसळले होते.

बायजा पुढे वाकली. "कान काढलास माजा!" ती हसायला लागली, तोंडातले उरलेसुरले दात दाखवत. "यो खरा व्हय तुजा?"

त्याने घाईघाईने दुसरा फोटो मोठा केला. टाइल्सवाला: कान. आंबिवलीची मुलगी: कान, कानातलं डूल आणि डुलाची फिरकी. एकामागून एक, पंधरा वर्षांचे कान. उघड्या कड्यावर साधलेला फोकस कडं मिटताच मागे सरकतो. अशा भिंगांचा हा जुना लबाडपणा. कडं फिरवल्यावर पुन्हा फोकस साधायचा असतो. सहदेवला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्याने साधला नसता. तेवढा वेळ गिऱ्हाइकाला बसवायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. चोराला तेवढी सवड नसते. ज्यांना तो खोटे म्हणत होता त्या कुणाकडेही त्याने कधी धड पाहिलंच नव्हतं.

"आजी, परत बसाल?"

"बसन. पन आता बग नीट."

या वेळी त्याने कडं आधी मिटलं. कॅमेऱ्याच्या खिडकीत अंधार झाला. त्या अंधारात तिचा चेहरा शोधायला त्याला बराच वेळ लागला. फोकस पुढे, मागे, पुन्हा पुढे. आधी बुगडी आली, मग गालाचं हाड, मग सुरकुत्यांच्या जाळीतून वर येत तुळशीचं एकेक पान. बायजा त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत त्याच्याविषयी जे होतं ते त्याने लगेच ओळखलं. तो स्वतः रोज लोकांकडे तसंच बघत आला होता. फक्त ती उघड बघत होती.

चार फुटी प्रिंट झाली तेव्हा तिने चष्मा लावून गोंदणावर बोट फिरवलं. हनुवटीवर ठिपके मोजले. तीन. मान हलवली.

"आणि हा?" सहदेवने धुकट फ्रेमकडे बोट दाखवलं.

"यो तुज्या दुकानात लाव. कोनाचा पन हाय." उंबऱ्यावर ती थांबली. "कमलेश असाच दुसरा मागाया येल. देऊ नको त्याला."

संध्याकाळी फोन आला. "काका, काय हे? आईने भिंतीवर काय लावलंय? सगळ्या रेषा-बिषा! तो पहिलावाला परत काढून पाठवा, मी हा उतरवतो."

कमलेश म्हणजे बाळकुमची सगळी लग्नं आणि सगळे बॅनर. सहदेवने ते सगळं क्षणभर डोळ्यांसमोर येऊ दिलं. मग बायजाच्या मलईवाल्या फोटोवर जाऊन 'डिलीट' दाबलं.

"तो उडाला," तो म्हणाला.

"उडाला म्हणजे? सेफ्टीसाठी दुसरा काढलेला ना तुम्ही? मी तिथेच होतो!"

"होय. त्यात तुमच्या आईचा कान आलाय. पाठवू?"

पलीकडे फोन आपटला गेला. सहदेवने उरलेला चहा संपवला, आणि शटर ओढण्याआधी खरे या फोल्डरचं नाव पुसून तिथे लिहिलं: कान.

धुकट फ्रेम त्याने दर्शनी काचेत टांगली. दुसऱ्याच दिवशी डोंबिवलीहून आलेली एक मुलगी तिच्यासमोर उभी राहिली.

"काका, मला अस्साच हवाय. कोण आहेत या?"

"कुणीही," सहदेव म्हणाला. "बसा."