अचीव्ह आणि अकॉम्प्लिश

एकोणिसाव्या वर्षी मी सुप्याच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले. बेळगावात वाढलेली, मॅट्रिकला इंग्रजीत पहिली आलेली. या रानातली नेमणूक मला शिक्षाच वाटायची. शाळेत दुसरे फक्त हेडमास्तर, पन्नाशीचे. वरच्या वर्गांचं इंग्रजी तेच शिकवत आणि अडलं की मला विचारत. एकदा त्यांनी मुलांदेखत माझं फळ्यावरचं अशुद्ध मराठी पुसून नीट लिहिलं. मुलं हसली. ते मी मनात धरून ठेवलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, ते पुस्तक घेऊन आले.

"बाई, अचीव्ह आन् अकॉम्प्लिश एकच न्हवं? का फरक हाय?"

फरक मला ठाऊक होता. हाती घेतलेलं काम पुरं करणं ते अकॉम्प्लिश. धडपडून मोठं काही साधणं ते अचीव्ह. मी म्हणाले, "मोठा फरक आहे, गुरुजी. अचीव्ह म्हणजे मिळवणं. अकॉम्प्लिश म्हणजे चोराला साथ देणं."

त्यांनी पेन्सिलीनं समासात लिहून घेतलं. "बरं झालं इचारलं."

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांसमोर त्यांनी तेच शिकवलं, उदाहरणासकट. एकानं रानातलं सागवान चोरलं, दुसऱ्यानं गाडी हाकली, तर गाडीवाल्यानं काय केलं? मुलं एका सुरात ओरडली, "अकॉम्प्लिश!"

साहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "किती वर्षं ही घाण भरताय पोरांच्या डोक्यात?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "बाईंनीच सांगितलं व्हतं..."

"मी असं काही सांगितलं नाही," मी म्हणाले.

साहेबांनी मला अर्थ विचारले. मी घडाघडा सांगितले. मग त्यांनी गुरुजींना मुलांमध्ये बसवलं आणि मला धडा पुन्हा घ्यायला लावला. गुरुजी मांडी घालून बसले, समासातलं पुसून नवं लिहिलं. मला आनंद झाला होता, हे नाकारत नाही.

महिन्याभरात त्यांची बदली कुळगीकडच्या एका लहान शाळेवर झाली. शाळा माझ्या हाती आली.

पुढल्या वर्षी बाजारात त्यांची बायको भेटली. तिनं हाक मारून माझ्या पिशवीत दोन काकड्या घातल्या.

"घरात तुमचंच नाव काढत्यात हे. बाई लई हुशार, मीच उलटं ऐकलं आसंल, त्यांच्यामुळं माझी चूक कळली, म्हणत्यात."

"बरे आहेत ना?"

"हायती. इंग्रजी तेवढं न्हाई शिकवीत आता. पुस्तकच उघडत न्हाईत."

मी बरं म्हणाले आणि काकड्या घेऊन निघाले.