मुक्ता इथेच राहते!

हसणार असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा. कार्पेट भाड्याच्या घरातलं आहे, आणि ते घर राहतंय की जातंय हीच तर सगळी कथा आहे. या वयात मी जो गाढवपणा केलाय, त्यानंतर माझी बायको सुलभा माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते.

त्याचं असं झालं. जर्सी सिटीतली आमची ही जागा कमी भाड्याची. आमची मुक्ता रांगत होती तेव्हा मिळाली. भाडं फार वाढवायचं नाही असा इथला नियम, म्हणून आम्ही टिकून आहोत. बाहेर आज तेवढ्या भाड्यात फार तर गाडी उभी करायला जागा मिळेल, तीही उन्हात!

मुक्ता आता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि आमच्याबरोबर याच घरात राहते. पण आमच्यानंतर काय? पोरीला तिच्याच घरातून बाहेर काढतील, या विचाराने माझी झोप उडाली होती. खरं सांगतो, भीतीच वाटायची.

आपल्याकडे पागडीच्या जागेत बापामागे पोरं राहतात ना, तशी सोय इथेही आहे. अट एवढीच की भाडेकरू स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे, आणि मूलही खरोखर त्याच्याबरोबर राहत असलं पाहिजे. भाड्याचे नियम बघणाऱ्या ऑफिसातून एक बाई येऊन बघून जातात, की झालं.

सोपं आहे ना? मुक्ता राहतेच की इथे! खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. पण खरं पटवून द्यायलाही अक्कल लागते, हे मला या वयात कळलं.

बाई मंगळवारी येणार असं कळलं आणि माझ्या अंगात आलं. घर बघायला कोणी येणार म्हटल्यावर आपण काय करतो? आवरतो! तुम्हीही तेच केलं असतं, उगाच माना हलवू नका.

आणि मुक्ताचा पसारा म्हणजे काय विचारता! खुर्चीवर कपड्यांचा डोंगर. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची रिकामी खोकी, ती म्हणे लागतात. बाथरूममध्ये बाटल्यांचं संमेलन.

"अहो, राहू द्या की," सुलभा म्हणाली. "नांदतं घर आहे."

"नांदतं? बाई म्हणतील, बापाने पोरीला वळण लावलं नाही!"

मी मुक्ताचा सगळा संसार बॅगांत भरला आणि गाडीच्या डिकीत नेऊन कोंबला. ती मागे मागे ओरडत होती. "बाबा, स्टॉप! धिस इज माय रूम!"

"एक दिवस सहन कर गं. आणि तू खुशाल कामाला जा. बाईंचं मी बघतो."

मी बघतो! किती आत्मविश्वास!

मंगळवारी सकाळी मुक्ता तणतणत गाडी घेऊन गेली, आणि थोड्या वेळाने बाई आल्या. उंच, शांत, हातात टॅब. बोलल्या अर्थात इंग्रजीत, पण माझी फजिती मला मराठीतच आठवते. सुलभाने पोहे पुढे केले. मुक्ताच्या खोलीत मी आयसेलिनच्या देशी बाजारातून आणलेली कोरी चादर घातली होती. बाथरूममध्ये पाहुण्यांचे टॉवेल, वेष्टणातला साबण.

"अगदी हॉटेलसारखं आहे," बाई म्हणाल्या.

"थँक यू!" मी म्हणालो. छाती फुगवून, बरं का!

बाईंनी कपाट उघडलं. आत नुसते हँगर.

"मुलीचे कपडे कुठे आहेत?"

"गाडीत."

"आणि गाडी?"

"मुलीने नेली."

बाईंनी टॅबवरून मान वर केली. "म्हणजे तुमची मुलगी सगळं सामान घेऊन गाडीतून निघून गेली. कधी?"

"आज सकाळी."

यातला शब्द न् शब्द खरा होता हो! सुलभाने कपाळाला हात लावला.

आता गप्प बसावं की नाही? पण आपली मुलगी बघायला कोणी आलं की बापाच्या तोंडून कौतुकच बाहेर पडतं. "मुक्ता फार हुशार आहे. स्वतःच्या पायांवर उभी आहे. कुठेही एकटी राहू शकते!"

"दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि टॅबवर काहीतरी लिहिलं.

पोरीचं घर मी माझ्या हाताने झाडून काढलं होतं. मी खुर्चीत बसलो तो बसलोच.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. मुक्ता! दोन्ही हातांत बॅगा, चेहरा लालबुंद. हॉस्पिटलचा तिचा बॅज मी कुठल्याशा बॅगेत भरला होता आणि बॅजशिवाय तिला लॅबमध्ये कोणी घेईना. बाईंकडे न बघता तिने लाथेने बूट उडवले आणि सगळ्या बॅगा कार्पेटवर उपड्या केल्या.

"बाबा, आय स्वेअर, पुन्हा माझ्या रूमला हात लावलास ना! व्हेअर इज माय बॅज? आई, पोहे आहेत का?"

आणि बाईंच्याच समोरची बशी उचलून उभ्या उभ्या खायला लागली.

बाई पहिल्यांदाच हसल्या. "ही इथेच राहते. शंका नाही."

मला रडू फुटायचं बाकी होतं! मी बाईंना दारापर्यंत सोडायला निघालो, तर त्या पुन्हा मागे वळल्या.

"एक राहिलं. तुमच्या खोलीतल्या कपाटात मिसेसच्या साड्या आहेत. हॉलमध्ये मुलीचं सामान आहे, आता तर भरपूरच. तुमचं काय आहे इथे?"

मी सुलभाकडे पाहिलं. "अगं, माझं सामान कुठे आवरून ठेवलंस?"

"तुमचं? तुमचं काही आवरायला नव्हतंच."

मी चष्मा पुढे केला. मुक्ता म्हणाली, "तो आईचा जुना आहे." टेबलावरचा चार्जर दाखवला. तो मुक्ताचा निघाला. खांद्यावरची शाल सुलभाने परत मागितली.

बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत. मी माझ्या घरात राहतो की नाही, ते बघायला! तोवर काहीही आवरायचं नाही, असा मायलेकींचा हुकूम आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला या घरात हवा तेवढा पसारा करायची मुभा मिळाली आहे.

सकाळपासून शोधतोय. पसरायला माझं काही सापडेना.