परांजपे सरांना माझी कवळी फार आवडली

"अप्रतिम," परांजपे सर वेटिंग रूममध्ये उभं राहून बसलेल्या पेशंटना सांगत होते. "अशी कवळी अख्ख्या घाटकोपरात कुणी करून देणार नाही."

मी आत एकाची दाढ भरत होते, पण कान बाहेर. त्र्याऐंशी साल असेल. दवाखाना उघडून जेमतेम वर्ष झालं होतं. सर रिटायर्ड हेडमास्तर, त्यांच्या शब्दाला वजन. त्यांची कवळी ही माझी पहिलीच पूर्ण कवळी, म्हणजे वरचे-खालचे सगळे दात. दोन महिने सर यायचे, कौतुक करायचे आणि जायचे. त्यांचं तोंड तपासावं असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांच्या शब्दावर आणखी तिघांनी माझ्याकडून कवळ्या करून घेतल्या. मी दारावरची पाटी मोठी करायच्या विचारात होते.

त्या तिघांतल्या एक सावंतकाकू, मूळच्या मालवणच्या, सरांच्या चाळीत समोरच्याच खोलीत राहणाऱ्या. कवळी दिल्यावर चौथ्या दिवशी त्या परत आल्या. हातरुमालातून कवळी काढून टेबलावर ठेवली.

"डॉक्टरीणबाई, माझ्या आधी हे दातच बोलतत."

मी समजावलं की सवय व्हायला वेळ लागतो. सरांना बघा, किती खूश आहेत.

"सर? ते जेवताना काढून वाटीत ठेवतत. माका रोज दिसता."

मला राग आला, तोही काकूंचा. त्यांना खोटं पाडायचं म्हणून रविवारी ऐन जेवणाच्या वेळी मी सरांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. सर ताकात कालवलेला मऊ भात खात होते. माझी कवळी शेजारी वाटीत, पाण्यात. मला बघताच त्यांनी ती घाईघाईने तोंडात बसवली.

"उत्तम चाललंय," सर म्हणाले.

टक. प्रत्येक शब्दाला टक. हा आवाज दोन महिने होताच, मला फक्त कौतुक ऐकू येत होतं.

सरांच्या पत्नी म्हणाल्या, दोन महिन्यांत यांनी भाकरीला हात लावला नाही, शर्ट ढगळ व्हायला लागलेत. मला खाली बघावंसं वाटलं.

"सर, मला सांगितलं का नाही?"

"नवा दवाखाना तुझा," सर म्हणाले. घरी ते मला अगंतुगं करायचे. "म्हटलं, हुरूप जाईल."

दुसऱ्या दिवशी चारही कवळ्या परत मागवल्या. आपण गप्प बसलेले असतो तेव्हा ओठ मिटलेले असले तरी दात एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट असते. मी दात जरा उंच लावले होते आणि ती फटच बुजवली होती, म्हणून बोलताना दात एकमेकांवर आपटत होते. नवख्या डॉक्टरची ठरलेली चूक. सर पहिल्या आठवड्यात बोलले असते तर एकाच तोंडावर भागलं असतं. आता चार तोंडांची पुन्हा मापं, पुन्हा मेणाचे साचे, पुन्हा दात लावणं.

नवी कवळी बसवल्यावर सावंतकाकूंनी पिशवीतून चकली काढली आणि खुर्चीतच कडाकडा खाल्ली. मी वाट बघत उभी. कसं वाटतंय, विचारलं.

"बरां आसा," काकू म्हणाल्या. मग तोंड पुसत म्हणाल्या, "आमच्या ह्यांका उद्या घेऊन येतंय."

ते ऐकून मला पाटीपेक्षा जास्त आनंद झाला.

सर आठवड्याने आले. वेटिंग रूममध्ये भाषण झालंच. आत आल्यावर मात्र दार लोटून हळूच म्हणाले, "डावीकडे जरा खुपतंय." मी त्यांना चहा मागवला.

आजही पेशंट कौतुक करतात. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पूर्ण ऐकून घेते. मग हातमोजे चढवते आणि म्हणते, आ करा.